फ्लेक्सच्या खालची नावं

राजुरी,
२० जून २०२५

श्रेया,

राजुरीहून तुझ्या आत्याचा आशीर्वाद. आधी एक ऐक, मला फोन करू नको. तू तीनदा केलास, मी तीनदा कापला. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, कागद ऱ्हातो. मला आता सगळं कागदावर पायजे. मी चौथी शिकलेली, अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. लावून वाच. एवढी शिकलीस, तेवढं जमंल.

माझा अमृत जाऊन सहा महिने झाले. लोक म्हणतात, प्रयागबाई, आता शांत व्हा. शांत व्हायला मी काय उतू चाललेलं दूध हाय? ज्या बाईनं त्याला भूल देऊन मारला ती रोज सकाळी पांढरा कोट घालून मंचरच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढती, आणि माझ्या दारात त्याची मोटरसायकल पोत्याखाली झाकून उभी हाय.

तू तेव्हा पुण्यात व्हतीस म्हणून सांगते. हायवेला गाडी घसरली, जबडा मोडला. बाकी पोरगं धड व्हतं. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी हसत व्हता. जबडा तारंनं बांधायचा, तासाभराचं काम, म्हणून आत नेला. दोन तासांनी दार उघडलं. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि हातपाय असे ताठ की सदरा चढंना, फाडून घालावा लागला. ती डॉक्टरीण भिंतीला टेकून उभी. म्हणती, "आम्ही खूप प्रयत्न केले."

आता माझं ठरलंय. वर्षश्राद्ध १ डिसेंबरला येतंय. त्या दिवशी दवाखान्याच्या समोर, हायवेच्या पलीकडं, दहा बाय वीसचा फ्लेक्स लावणार. वर अमृतचा वाढदिवसाचा फोटो, तो काळा गॉगल घालून बोट रोखलेला. मधी तिचा. खाली लाल अक्षरात "माझ्या लेकराची खुनी". मंचरच्या गोरख फ्लेक्सवाल्यानं चित्र तयार करून ठेवलंय. पण मेला भितो. म्हणतो, "मावशी, पुराव्याबिगर लावला तर पोलीस तुमाला चहा पाजतील आणि मला आत टाकतील." त्याला शिक्क्याचा कागद पायजे.

तो तू द्यायचा. तू तिथं पेशी का काय ते चमकवून बघतीस, दादा गावभर सांगत फिरतो. माझी पोरगी अशी नि माझी पोरगी तशी. मग बघ आणि लिही, की हिच्याच भुलीनं पोरगं मेलं. आतेभावासाठी एवढं कर.

आमचा धाकटा भाऊ भागू गेला तेव्हा आई अशीच दारात बसून ऱ्हायची. पण भागूला पान लागलं व्हतं. सापाचा काय फ्लेक्स लावणार? हिचा लावता येतो.

कागद लवकर धाड.

आत्या

⁂

पुणे,
२ जुलै २०२५

आत्या, नमस्कार.

पत्र लावून वाचलं. सदरा फाडावा लागला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. नुसत्या दुःखानं नाही. अंग तापणं आणि ताठ होणं या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणून.

तू चिडशील, पण आधीच सांगते. तू म्हणतेस तसा कागद मी देऊ शकत नाही. मी डॉक्टर नाही. मी जे करते ते एवढंच: आपल्या स्नायूच्या प्रत्येक पेशीच्या आत एक बंद कोठी असते, तिच्यात कॅल्शियम साठवलेलं असतं. त्या कोठीला बारीक दारं असतात. हात हलवायचा म्हटलं की दार क्षणभर उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळतो. मग दार मिटतं, कॅल्शियम परत कोठीत ओढलं जातं, स्नायू सैल पडतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. म्हणून आम्ही पेशींना एक रंग पाजतो. कॅल्शियम भेटलं की तो रंग चमकतो. कॅमेरा लावायचा आणि बघत बसायचं, दार कधी उघडलं, किती वेळ उघडं राहिलं.

लोणीला आपल्या शेताजवळ कालव्याच्या चारीवरचं ते रबर झिजलेलं गेट आठवतं? एरवीच्या पाण्याला टिकायचं. कालव्याचं आवर्तन जोरात सुटलं की मिटायचंच नाही आणि शेजारच्या गेणभाऊंचा कांदा पाण्यात. काही घराण्यांत हे पेशीतलं दार जन्मापासून तसं असतं. माणूस पोती उचलतो, पळतो, कबड्डी खेळतो, काही कळत नाही. पण भुलीचे ठराविक वायू लागले की दार उघडतं आणि मिटतच नाही. सगळे स्नायू एकदम आवळतात. अंग भट्टी होतं.

अमृतचं हे झालं असावं असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. त्याचं रक्त आता मिळणार नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्येही हे दार तपासता येतं, म्हणून जवळच्यांचं रक्त हवं आहे. तुझं, तुझ्या सोनलचं, बाबांचं आणि माझं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी रीतसर परवानगी घेतली आहे. नळ्यांवर नाव नसेल, नंबर असेल, आणि परक्यांच्याही नळ्या त्यात मिसळलेल्या असतील. मी घरातली, म्हणून कुठला नंबर कुणाचा हे मलाही शेवटपर्यंत कळणार नाही.

रक्त दे आत्या. फ्लेक्सचं नंतर बघू.

तुझी,
श्रेया

⁂

राजुरी,
१५ जुलै २०२५

श्रेया,

तुझ्या गेटाची गोष्ट वाचली. म्हंजे दोष आमच्या रक्ताचा आणि ती डॉक्टरीण धुतल्या तांदळासारखी? वा गं वा. तुमी शिकलेल्या सगळ्या एकीकडं. अमृतच्या पाठीवर माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या. माझं दार झिजलेलं असतं तर मी तिथंच ताठ झाले असते की न्हाई?

तरी रक्त दिलं. तुझ्या हट्टापायी न्हाई, कागदापायी. सोनलनं दिलं. तुझा बाप मात्र कुरकुरला. म्हणतो, "मला सुईची भीती वाटती." उधळलेला बैल शिंगाला धरून आवरणारा गडी, आणि सुईला भितो! म्हणलं, "दादा, भाच्यासाठी दोन चमचे रक्त निघत न्हाई तुझ्यातनं?" मग दिलं. पण माझ्याकडं बघितलं न्हाई. त्याला पण अमृतचा लई लळा व्हता.

माझं काम चालू हाय. त्या डॉक्टरणीकडं धुणीभांडी करायला आमच्या वाडीतली ठकूबाई जायची. तिला काम सोडायला लावलं. "तू खुन्याची भांडी घासतीस," म्हणलं. आता डॉक्टरीण स्वतः घासती असं ऐकलं. घासू दे. मंचरला गेले की पायरीवर थुंकून येते. वॉचमन म्हणतो, "मावशी, असं करू नका." म्हणलं, "तू पुसायला हायस ना?" परवा ती स्वतः खिडकीत उभी व्हती. बघत ऱ्हायली. काय बोलली न्हाई. मनात पाप असलं की माणूस असंच गप ऱ्हातं.

सोनलचं लग्न वर्षश्राद्ध झाल्यावर धरलंय. पावणं थांबायला तयार हायती. मोठ्या मनाची माणसं, अमृत पडला त्या दिवशी स्वतःची जीप घेऊन दवाखान्यात आली व्हती. त्यांच्यासाठी तरी सगळं नीट झालं पायजे.

कागद कधी?

आत्या

⁂

पुणे,
८ सप्टेंबर २०२५

आत्या,

उशीर झाला. पहिल्या खेपेला पेशी जगल्या नाहीत, म्हणून पुन्हा रक्त मागवलं होतं ते तुला माहीतच आहे. मग तीन वेळा तपासलं. जनुकाची तपासणी वेगळी करून घेतली. दोन्हीचं उत्तर एकच आलं.

कसं बघितलं ते सांगते. काळ्या पडद्यावर पेशी म्हणजे अंधारात पसरलेले जोंधळ्याचे दाणे. ते दार उघडणाऱ्या औषधाचा थोडा डोस सोडला. साध्या माणसाच्या पेशी ढिम्म, एखादीच लुकलुकली. दुसरी नळी लावली. तेवढ्याच डोसाला सगळा पडदा पेटला, आणि पेटलेलाच राहिला. शेजारची मुलगी म्हणाली, "केवढं सुंदर!" मीही म्हणाले, सुंदर. परवा नंबर उघडले तेव्हा कळलं, ती नळी माझी होती.

माझी, तुझी आणि सोनलची. तिघींचं दार झिजलेलं आहे. तुझ्या त्या ऑपरेशनला पोटावर इंजेक्शन दिलं असेल, हा वायू नसेल. आणि वायू दिला तरी दर वेळेला होतंच असं नाही. म्हणून तर ते कळत नाही. घाबरू नकोस. आधी कळलं तर डॉक्टर दुसरी भूल देतात, काही होत नाही. आधी कळलं तर.

आता दोन गोष्टी विचारते, खरं सांग. भूल देण्याआधी त्या डॉक्टरांनी तुम्हाला काही विचारलं होतं का? आणि भागूकाका. आत्या, त्यांना नक्की सापच चावला होता?

श्रेया

⁂

राजुरी,
१४ सप्टेंबर २०२५

श्रेया,

भागूला पान लागलं. पावसाळ्यात, गवत कापताना. तेवढंच. मेलेलं उकरू नये, वास येतो.

आणि ती काय विचारती? मी पोचायच्या आधीच त्याला आत नेला व्हता. मला कुणी काय विचारलं न्हाई.

तुझ्या दाण्यांची नि पडद्याची गोष्ट मला नको. दार झिजलं तर झिजलं. झिजलेल्या दाराला लाथ कुणी घातली ते लिही. शिक्का मार. धाड.

बापाचं काय निघालं ते लिहिलं न्हाईस.

आत्या

⁂

पुणे,
२७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

सहा आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि उठायचे.

बाबांचं मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्यांचं दारही तसंच आहे. माझ्यात आलं ते त्यांच्याकडूनच. पण इतके दिवस न लिहिण्याचं कारण ते नव्हतं.

तुझं पत्र आल्यावर मी मंचरला गेले. त्या डॉक्टरांना भेटले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची दिली. अमृतचे कागद कपाटात नव्हते, त्यांच्या टेबलाच्या खणात होते. म्हणाल्या, "या रोगावरचं एक औषध असतं. पुण्यातसुद्धा पटकन मिळत नाही. मी त्या दिवशी चार ठिकाणी फोन केले." तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "त्या मावशी तुमच्या कोण?"

एका कागदाची प्रत त्यांनी दिली. भूल देण्याआधी विचारायचे प्रश्न. सातवा प्रश्न: रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीचा त्रास, अथवा भुलीत मृत्यू? पुढं पेनानं लिहिलंय, "नाही. दोनदा विचारले." खाली माहिती देणाऱ्याची सही. सही बाबांची.

दिवाळीत लोणीला गेले तेव्हा त्यांच्यापुढं कागद धरला. गोठ्यात शेण काढत होते. खोरं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "भागूला साप चावला नव्हता. हर्नियाच्या ऑपरेशनला नेला होता. मीच नेला होता, मीच आणला." मी म्हणाले, "मग त्या दिवशी नाही का सांगितलंत?" तर म्हणाले, "मी एकटा नव्हतो तिथं." आणि परत शेण ओढायला लागले.

ती प्रत सोबत पाठवते. बाबांच्या सहीखाली दुसरी सही आहे. नाव नीट लागत नाही, पण नाव लावायची मला गरज पडली नाही. ते अक्षर मी गेले चार महिने वाचते आहे.

श्रेया

⁂

राजुरी,
५ नोव्हेंबर २०२५

श्रेया,

कागद ऱ्हातो, असं मीच म्हणले व्हते. ऱ्हायला.

ती सही माझी. मी पोचले न्हाई ते खोटं. मी तिथंच व्हते. आता सगळं लिहिते, मधी बोलू नको.

भागू बारा वर्षांचा व्हता. माझं नवं लग्न झालेलं, मी माहेरी आले व्हते. दादा त्याला जीपमधनं घेऊन आला. ऑपरेशनात अंग पेटलं आणि आखडून गेला, असं दादानंच आईला सांगितलं. मी दारामागं उभी राहून ऐकलं. भागूचे हात असे वाकडे ताठ झाले व्हते की दादानं उचलला तेव्हा ते त्याच्या मानंत अडकले, दोघांनी सोडवले. आई रडता रडता उठली. म्हणाली, "गावाला सांगायचं, पान लागलं. घरात असलं काय हाय म्हणल्यावर कुंडलिकला पोरगी कोण देईल?" त्याच महिन्यात त्याची सोयरीक ठरत व्हती. ती पोरगी म्हंजे तुझी आई. आमी खोटं बोललो म्हणून तू जन्माला आलीस.

मग ते खोटं आमच्या अंगवळणी पडलं. मी सासरी पण तेच सांगितलं. अमृतला लहानपणी गवतात जाऊ देत नव्हते. "तुझ्या भागूमामाला पान लागलं व्हतं बाबा." सांगून सांगून मलाच तो साप दिसायला लागला व्हता.

त्या दिवशी अमृत खाटेवर. डॉक्टरणीनं आधी त्यालाच विचारलं, घरात कुणाला भुलीचा त्रास? त्याचा जबडा बांधलेला. त्यानं बोट माझ्याकडं केलं. आईला विचारा. तिनं मला विचारलं. सोनलचा व्हणारा सासरा बाजूला शहाळं घेऊन उभा, त्याची बायको माझा हात धरून. मी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "न्हाई मॅडम, आमच्याकडं सगळी ठणठणीत." ती वळली, आणि परत माझ्याकडं आली. "मावशी, नक्की?"

बाईनं दोनदा विचारलं, श्रेया.

मी म्हणले, नक्की. आणि सही केली. पोरीचं लग्न वाचवलं आणि पोरगं आत धाडलं.

ते बोट मला रोज दिसतं. ते दिसायला लागलं की मी गोरखकडं जाऊन त्या डॉक्टरणीचा फोटो बघायचे. अंगात राग भरला की बोट दिसायचं बंद व्हायचं. वर्षभर हेच केलं.

आता राग चुकीच्या बाईवर घालवायचा न्हाई. तुझा बाप मोकळा फिरतोय. भागूचे हात त्याच्या मानंत अडकले व्हते, माझ्या न्हाई. काय असतं ते त्यानं अंगावर वागवलं व्हतं, आणि तरी म्हणाला, ठणठणीत. वर वर्षभर मी त्या बाईला शिव्या घालताना बाजूला बसून मान हलवत व्हता. "व्हय प्रयाग, तिला सोडू नको." मला! मला म्हणत व्हता!

फ्लेक्स लागणार. त्याच दिवशी. पण लोणीत, डेअरीच्या समोर. दोन वेळ दूध घालायला जातो ना, जाऊ दे रोज खालून. त्याचा फोटो मी धाडला गोरखकडं, गावजत्रंतला, फेटा बांधलेला.

तू मधी पडू नको.

आत्या

⁂

पुणे,
१२ नोव्हेंबर २०२५

आत्या,

बाबांचा फोटो लावू नकोस असं सांगणारं पत्र मी लिहिलं होतं. ते फाडलं.

कारण ते पत्र लिहिण्याआधी मी बाबांना फोन केला. म्हणाले, भावकीला सांगू, पण आधी सोनलचं लग्न होऊ दे. मी म्हणाले, मग? मग म्हणाले, तुझं होऊ दे. दोष आजीकडचा की आजोबांकडचा हे माहीत नाही, आणि दोन्हीकडची निम्मी माणसं तुमच्याच भागात आहेत, आत्या. कुणाचा पोरगा उद्या टॉन्सिलसाठी टेबलावर झोपेल आणि बाहेर कुणीतरी म्हणेल, ठणठणीत.

लाव. ते माझे वडील आहेत, तरी लाव. पण "खुनी" लिहू नकोस. तो शब्द वाचला की लोक आणखी घट्ट लपवतील. डॉक्टरांनी आणि मी मिळून मजकूर केला आहे, मागच्या पानावर आहे. तो मोठ्या अक्षरात घाल. बाकी तुझं तू बघ.

आणि सोनलला तू सांग. तुझ्या तोंडानं. तिला फ्लेक्सवर वाचायला लावू नकोस.

श्रेया

⁂

राजुरी,
६ डिसेंबर २०२५

श्रेया,

फ्लेक्स लागले. एक न्हाई, दोन.

गोरखनं चित्र बदलताना कपाळाला हात लावला. "मावशी, वर्षभर एकीला शिव्या देत व्हता, आता दुसराच?" म्हणलं, "तू छाप." वर अमृत. बाजूला भागूचा गोल, पण भागूचा फोटोच न्हाई, आईनं एकसुद्धा काढला नव्हता. गोल मोकळाच ठेवला, खाली नाव. मधी तुमचं लिहिलेलं, जसंच्या तसं: आमच्या घरातली दोन मुलं भुलीत गेली. हा दोष रक्तात उतरतो. रक्ताचं नातं असेल तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला सांगा. दुसरी भूल असते. मग गोरख विचारतो, "खाली शुभेच्छुक कोण टाकू?"

"हा काय वाढदिवस हाय का रे?"

"मग शोकाकुल?"

"न्हाई. लिही, लपवणारे. कुंडलिक, आणि पुढं प्रयागबाई. दोघांचे फोटो."

"तुमचा?" त्याचा माऊसच थांबला. "मावशी, स्वतःचा कुणी लावतं का?"

"आधार कार्डावरचा घे. त्यात मी तशी पण चोरटीच दिसते."

सोनलला आदल्या दिवशी सांगितलं. परातीत पीठ मळत व्हती. सगळं ऐकलं. मग हात धुतले, मोबाईल घेतला आणि माझ्यापुढं त्या पोराला फोन केला. "माझ्या रक्तात हे हाय. माझ्या आईनं तुमच्यासमोर लपवलं व्हतं. आता सांगते." फोन ठेवून परत पीठ मळायला बसली. माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. पावण्यांचा निरोप आला, विचार करून कळवतो. करू दे विचार. पोरगी जिवंत घरात हाय.

वर्षश्राद्धाचं जेवण उरकलं आणि मी लोणीला गेले. तुझा बाप सकाळी दूध घालून गेला तेव्हा फ्लेक्सवर कापड बांधलेलं व्हतं. संध्याकाळी कापड काढल्यावर बघितला. कॅन खाली ठेवला, घरी गेला आणि ऊसतोडीचा कोयता घेऊन आला. चार माणसं जमली. "प्रयागे! भावाची अब्रू चव्हाट्यावर टांगलीस!" मी फ्लेक्सच्या खालीच उभी. म्हणलं, "काप. पण माझ्या फोटोपासनं सुरू कर."

तेव्हा त्यानं वर माझा फोटो बघितला. कोयता खाली गेला. "तुझा कशाला लावलास?" म्हणाला.

"सही माझी पण व्हती, दादा."

कॅनावर बसला. मानंवरनं हात फिरवत म्हणतो, "भागूचे हात निघतच नव्हते गं इथनं." मोठमोठ्यानं रडला. माणसं बघत व्हती. मी म्हणलं, "हेच त्या बाईला सांगायचं व्हतं. एवढं एक वाक्य. पोरगं वाचलं असतं."

पाणी मागितलं. मी दिलं न्हाई. डेअरीवाल्यानं दिलं. तुला वाईट वाटंल, वाटू दे. त्याला माफ करायला मी आधी स्वतःला करायला पायजे, आणि ते मला जमणार न्हाई. तो रोज जातो त्याच रस्त्यानं. मान वर करत न्हाई.

दुसरा फ्लेक्स दवाखान्याच्या समोर, हायवेच्या पलीकडं, ठरवला व्हता त्याच जागी. डॉक्टरीण खाली आली, पायरीवर उभी राहून सगळा वाचला. मग माझ्याकडं बघितलं. मला माफी मागता येत न्हाई, जन्मात मागितली न्हाई. वॉचमनकडनं फडकं घेतलं आणि पायरी पुसली. ठकूबाईला परवा परत कामावर धाडली. ती म्हणती, मॅडमनी काय विचारलं न्हाई, नुसता चहा दिला.

एक सांगायचं ऱ्हायलं. गोरख म्हणत व्हता, अमृतचं ते रोखलेलं बोट कापून टाकतो, दुःखाच्या फ्लेक्सवर बरं दिसत न्हाई. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. फोटो थोडा तिरका करून खाली वळव.

आता तो वरनं बोट करून आमच्याकडंच दाखवतोय. आईला विचारा म्हणून.

विचारा की. सांगते.

आत्या